सात नंबरचा आवाज

नासीर आठवतो ना, आमच्या बँडमधला? मस्कतला जाताना गिटारचं डिजिटल पेडल तो मला देऊन गेला. त्यातला सात नंबरचा आवाज लावला की सूर मांडवीच्या समुद्रावरून तरंगत आल्यासारखे वाटायचे. तो नासीरनंच बनवलाय, असं मी धरून चाललो होतो.

एकदा पेडल अडकलं. आकडे नुसते लुकलुकायला लागले. टीव्ही दुरुस्त करणारे सलीमचाचा म्हणाले, "रीसेट करायला लागेल. नासीरनं साठवलेलं सगळं पुसलं जाईल."

जड मनानं हो म्हटलं. पेडल सुरू झालं, तर सात नंबरवर तोच आवाज!

शुक्रवारी नासीरचा फोन आला. ऐकून हसला. "येड्या, तो कंपनीनंच दिलेला. मी काय नाय केलं."

मग म्हणाला, "वाजव ना."

रिसीव्हर स्पीकरजवळ ठेवून मी डोळे मिटून वाजवत राहिलो. त्याचं फोनकार्ड संपेपर्यंत तो ऐकत होता.