पुलावरची सून

बसच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. एकेकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकून त्याचं नशीब ठरवायचं, असला खेळ खेळून आल्या होत्या. सासूबाईंचा तो पहिलाच डाव.

"तू मागे का वळलीस गं? पूल ओलांडला होतास की!"

"तुम्ही मागे राहिला होतात, आई. राक्षस तुमच्यावरच येत होता."

"येऊ द्यायचा! माझी चोरटी आजच जन्माला आलेली, मेली असती तर काय बिघडलं असतं? तुझी तलवारवाली कॉलेजपासूनची होती."

"पहिल्याच डावात पात्र मेलं की माणूस पुन्हा खेळायला येत नाही. मला तुम्ही यायला हव्यात."

"आणि तुझं काय आता?"

"नवं पात्र. अगदी पहिल्या पायरीपासून."

"म्हणजे रविवारी मी तुझ्यापेक्षा वरचढ?"

"एका पायरीने."

"मग माझ्या मागे राहायचं. उगाच पुढे पुढे करायचं नाही."

"बरं, आई."

सासूबाईंचा फोन वाजला.

"बोल ताई. अगं, आमची सून गेली आज! रडतेस काय, खेळात गेली. पण काय गेली म्हणून सांगू! अख्खं टेबल उठून उभं राहिलं."