दोन बोटं खोल भोक

नाव: सगळे ओतारी म्हणतात, हजेरीपटावरही तेच आहे. वय: अठ्ठावन्न. धंदा: वस्तुसंग्रहालयात धातूच्या जुन्या वस्तूंची दुरुस्ती. राहणार: गोदामांमागची गल्ली, थोरल्या बहिणीकडे.

मी ठाण्यात हजर असून विचारल्यावरून सांगतो की, संग्रहालयाच्या अंगणातली पितळी तोफ आठ महिने माझ्याकडे दुरुस्तीला आहे. तिच्यावर काळ्या रंगाचे सहा थर होते. ते मी लाकडी पट्टीने खरवडून काढले. शेजारच्या पाटीवर लिहिलं आहे की या तोफेने अकरा गोळे टाकून वेढा उठवला.

गेल्या मंगळवारी बत्ती द्यायचं भोक साफ केलं. ते दोन बोटं जाऊन थांबतं. खाली अख्खं पितळ. म्हणजे बत्तीची आग आतल्या दारूपर्यंत पोचणारच नाही. अकरा गोळे सोडाच, ही तोफ एकदाही उडालेली नाही. भोकाच्या तळाशी हत्याराचे वळसे अजून स्वच्छ दिसतात. एवढी तोफ ओतून शेवटचं भोक अर्धं टाकून कोणी उगाच जात नाही. हत्यार मोडलं की माणूसच राहिला नाही, हे तो तळ नीट तपासला तरच कळेल.

हे मी संचालकसाहेबांना तीनदा सांगितलं. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा म्हणाले, अर्ज द्या. तिसऱ्यांदा म्हणाले, "ओतारी, रविवारी पाहुणे येतायत. भोकातून धूर निघायला हवा. आता काय पाटी खोटी म्हणायची?" मी हो म्हणालो. घरी बहीण म्हणाली, "तोफ दोनशे वर्षं गप्प आहे, तुलाच बरा कंठ फुटला." समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला.

आज सकाळी साडेदहाला गेलो, तर भोक आरपार करायला साहेबांनी बोलावलेला ड्रिलवाला तोफेवर टांग टाकून बसलेला. मी वायर उपटली, ड्रिलचा बिट काढून खिशात घातला. साहेबांनी चोरीची तक्रार दिली. बिट हा टेबलावर ठेवला आहे. मारहाण केली नाही. आवाज चढवला, ते खरं आहे.

जबाब चालू असताना हवालदारांना फोन आला. ड्रिलवाल्याकडे दुसरा बिट होता. भोक आरपार झालं.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'बुजलेलं भोक मोकळं करण्याचं काम' असं लिहिलं आहे. ते खोडा आणि 'नवीन भोक पाडण्याचं काम' लिहा. बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. तेवढं दुरुस्त होईपर्यंत मी सही करणार नाही, इथेच बसून आहे.