चोवीस डांबरगोळ्या

...आन् आळ कुणावर, तर सुनेवर. सोनं न्हाई, नाणं न्हाई, डांबरगोळ्या हो, कपड्यात ठेवायच्या, पांढऱ्या. तुमाला सांगतो, बोरीत आजवर लय चोऱ्या झाल्या, विहिरीवरल्या मोटारी गेल्या, केबल गेली, एकाची तर दारातली बाज गेली, पण डांबरगोळीची चोरी एकट्या मंगेशच्या घरी झाली, आन् त्यात त्यो सोता कसा अडकला ते ऐका, घाई न्हाई ना तुमाला?

मंगेशची माय कस्तुराबाई. तिच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी, पेटीत दोन शालू, एक शाल, आन् तळाशी लेकराच्या डोक्याला बांधायची कुंची, मंगेशच्या बापापसून चालत आलेली. जलमभर तिनं पेटीत कडुलिंबाचा पाला घातला. पण दिवाळीला शालीला कसरीनं भोकं पाडलेली दिसली, म्हून दुकानदारानं गोळ्या दिल्या, आन् वर मनला, "मावशे, खायच्या न्हाईत, लेकराच्या हाती द्यायच्या न्हाईत, विस्तवाजवळ न्हाई, झोपायच्या खोलीत न्हाई." कस्तुराबाई मनली, "मग काय, पाया पडायच्या?" मोजून चोवीस टाकल्या, कडी लावली.

संक्रांतीला उघडलं तर एकोणीस. आन् त्या बी हरभऱ्याएवढ्या.

"गेल्या कुठं?"

आता घरात नवीन माणूस एकच. मंगेशची वहिनी त्रिवेणी, सातवा महिना सरलेला, परभणीला रसायनशास्त्र शिकलेली. ती मनली, "आत्याबाई, ते नॅप्थालीन हाय. ते वितळत न्हाई, तसंच हवा होऊन उडून जातं. वास येतो ना, ती गोळीच उडायलेली असती." कस्तुराबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आन् मनली, "पंख कवा फुटले?" त्रिवेणीच्या नवऱ्यानं, आदिनाथनं काय केलं? मोबाइल चार्जिंगला लावला, आन् त्याच्यापाशीच राखणीला बसला.

मंगेशला वहिनीची कीव आली. मंगेशला कीव आली की समजायचं, काहीतरी बिघडणार. बोरीतला दुकानदार बोलका, म्हून ह्यो पार देवगाव फाट्याला गेला, गोळ्या आणल्या, गुपचूप भर घालून पुन्हा चोवीस केल्या. मायनं पेटी उघडली, मोजल्या, आन् मनली, "भ्याली ती. न घेतलेल्या कुणी परत आणून ठिवतं का?" आता सांगा, ह्याला काय उत्तर हाय?

मग मंगेशनं डोकं लावलं, की चोर कधी जास्तीचं ठेवून जात न्हाई, म्हून चाळीस करू. केल्या. माय मनली, "ह्या दुसऱ्याच्या घरच्या," आन् शेजारच्या सरजाबाईला हाक मारली. सरजाबाईनं घरी जाऊन मोजल्या, तर तिच्या बी कमी. मग पलीकडच्या घरी कमी, त्याच्या पलीकडं कमी... अहो कमी होणारच ना, उडायचा गुणच हाय तो, पण ऐकतो कोण? सात महिन्यांची पोटुशी बाई, बाजेवरून न उठता अकरा घरची चोर झाली.

"गेल्या कुठं?" आता सगळी गल्लीच इचारायली.

त्रिवेणी बाळंतपणाला माहेरी गेली. मंगेशला वाटलं, सुटलो. पंधरा दिवसांनी मायनं मोजल्या, धा कमी. "जाताना पदराला बांधून नेल्या." मंगेशनं इरेला पेटून साठ केल्या, का तर वहिनी इथं नसताना वाढल्या म्हंजी तिचा काय संबंध? माय मनली, "तिकडून पाठवून दिल्या."

वैशाख लागला, आखाजी आली. बाहेर ऊन हे असलं, खिडक्या बंद, पलंगाखाली साठ गोळ्या, आन् उन्हानं त्या आणखीच जोरात उडायल्या. कस्तुराबाईचं डोकं धरलं, मळमळायला लागलं. बाम चोळला तर बामाचा बी वास येईना.

तशात त्रिवेणी दीड महिन्याची लेक घेऊन आली. कस्तुराबाईनं हौसेनं कुंची काढली. कुंचीच्या आधी वास दारात आला. त्रिवेणीनं कुंची हातातून काढून घेतली.

"आत्याबाई, मला चोर मना, मरस्तोर मना. पण ही हिच्या डोक्याला लागणार न्हाई. ह्या वाफेनं एखाद्या लेकराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतेत, लेकरू पिवळं पडतं. कुणाचं होईल ते आधी कळत न्हाई."

"हिच्या आज्यानं घातली, बापानं घातली. काय झालं?"

"तवा पाला होता."

मंगेश दारात उभा. लेकराकडं बघितलं, मायकडं बघितलं, आन् बोलून गेला, "माय, वाढलेल्या गोळ्या माज्या हायेत. पन्नासच्या वर."

"आन् कमी झालेल्या?"

"उडाल्या."

"उडाल्या, उडाल्या... उडून गेल्या कुठं?"

त्रिवेणी मनली, "डोकं कधीपसून दुखायलंय तुमचं?"

"म्हैना झाला."

"ह्याच खोलीत?"

"ह्याच."

"ओसरीत बसल्यावर?"

"जरा बरं वाटतं."

"मग तिथंच गेल्यात, आत्याबाई. तुमच्या डोक्यात."

कस्तुराबाईनं डोक्याला हात लावला. आत किती हायेत ते मोजायलीय असं वाटलं. मग उठली, खिडक्या उघडल्या, सोताचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडलं आन् दुपारभर बसून नवी कुंची शिवली. सुनेची माफी? छे. पण दुसऱ्या दिवशी सरजाबाईच्या दारात जाऊन मोठ्यानं मनली, "आमच्या सुनेचं नाव घ्यायचं न्हाई. चोर माजा पोरगा हाय."

गोळ्या घराबाहेर गेल्या, पेटी उन्हात तापवली, वास मेला, पुन्हा लिंबाचा हिरवागार पाला पडला. सगळं गोड झालं, न्हाई का?

दसऱ्याला पेटी उघडली. पाला वाळून चुरा.

"टोपलंभर घातला होता. मूठभर राह्यला." त्रिवेणीकडं तिनं बघितलं बी न्हाई. सरळ मंगेशकडं वळली. "गेला कुठं?"

मंगेशनं पायात चप्पल घातली आन् टोपलं घेऊन लिंबाकडं निघाला.