माइतेचा अर्ज, आतून की बाहेरून?

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे लिअँडर, अजून ठरत नाही तुझं? आतून की बाहेरून?" अहो, ठरायला मी काय होडीला रंग लावतोय? बाई आहे ती! माझी माइते! वर्ष उलटून गेलं, एका छपराखाली राहतोय आम्ही, लग्न केलं नाही कारण दोघांनीही एकेकदा करून बघितलंय. आता तिला कायमची इथं राहू द्या म्हणून सरकारकडे अर्ज करायचा, तर त्याचे म्हणे दोन रस्ते. एक देशाच्या आतून, एक देशाच्या बाहेरून. निवडा! ऐकायला सोपं वाटतं ना? तुम्ही कॅनडाच्या टोकाला, पॉइंट मे गावात राहत नाही म्हणून वाटतं!

तुम्हाला सांगतो, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघा, धुकं नसेल त्या दिवशी... म्हणजे वर्षातून चारदा... समोर पाण्यापलीकडे बेटं दिसतात ना, तो फ्रान्स! खराखुरा! पोलीस फ्रान्सचे, युरो फ्रान्सचे, पाव फ्रान्सचा, घड्याळसुद्धा आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे. तिथं सेंट पिएरला माइतेचं माहेर. रात्री तिकडे दिवे चमकले की माइते भांडी घासता घासता म्हणते, "आईनं दिवा लावला." आता एवढ्या लांबून तिला आईचाच दिवा कसा ओळखू येतो, विचारायची सोय नाही. शुक्रवारी बाई जवळच्या फॉर्च्यून बंदरातून बोटीत बसते, रविवारी हातभर लांबीचे पाव काखोटीला मारून परत. आता सांगा, अशा बाईनं अर्ज करायचा कुठून? आतून की बाहेरून?

मी वॉलेसला विचारलं. वॉलेस माझा चुलतभाऊ, एकदा टोरांटोला जाऊन आलाय, म्हणून परदेशी व्यवहारातला पंडित. तो खुर्ची उलटी करून बसला आणि म्हणाला, "लिअँडर, ती आत्ता कुठं बसलीय?" म्हटलं, "स्वयंपाकघरात." "म्हणजे आत की बाहेर?" "आत." "मग आतून! आत बसलेल्या माणसानं बाहेरून अर्ज करायला तो काय खुळा आहे?" झालं! निकाल!

पण शेजारच्या ट्रायफिना मावशीला पटलं पाहिजे ना! मावशीला कोपऱ्यात उकळणारा चहा पटत नाही, माझा अर्ज कुठून पटणार? म्हणाली, "अर्ज कसला मेला! मी पोर होते तेव्हा आपलं न्यूफाउंडलंड वेगळा देश होता; रात्री झोपले ती न्यूफाउंडलंडात आणि सकाळी उठले ती कॅनडात! मला विचारलं कुणी? फोटो काढला? मी इथंच होते बाबा, कॅनडाच आला बाहेरून!"

बरं, सोबत राहतो याचे फोटो हवेत. फोटो आहेत हो, ढिगानं आहेत! पण सगळे ख्रिसमसनंतरचे, सोंगं काढून घरोघर नाचायला जातो तेव्हाचे. माझ्या अंगात मावशीचा झगा, माइतेच्या अंगात माझा बरसातीचा कोट, दोघांच्या तोंडावर उशीचे अभ्रे! खाली लिहायचं काय? डावीकडचा अभ्रा अर्जदार?

आणि पुढं प्रश्न, गेल्या वर्षात परदेशी किती वेळा गेलात? माइतेनं ठोकून लिहिलं, "एकदाही नाही." मी वाचलं, बरोबर वाटलं. वॉलेसनं तपासलं, त्याला बरोबर वाटलं. मावशीनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "गुणाची पोर! परदेश म्हणजे टोरांटो. आईकडे पाव आणायला गेली तर त्याला परदेश म्हणतात का?" चौघांनीही माना डोलावल्या! चौघांनी!

तरी म्हटलं, एकदा सरकारी कचेरीत फोन करून खात्री करावी. तासभर बाजा ऐकला, मग एक गोड आवाज. "सर, आतून अर्ज केलात तर निकाल लागेपर्यंत त्यांनी देशातच राहिलेलं बरं. बाहेर गेल्या आणि परत आत घेतलं नाही, तर अर्ज बुडू शकतो." मी म्हटलं, "छे हो, ती कुठं जातेय! फक्त पाव आणायला जाते." "कुठून, सर?" "फ्रान्सहून." आवाज म्हणतो, "पाव आणायला... फ्रान्सला?" "हो, शुक्रवारी जाते, रविवारी येते." "सर, आपण काम काय करता?" म्हटलं, "खेकडे पकडतो." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत फोन ठेवून दिला.

म्हणजे आतून अर्ज केला तर माइते महिनोन्‌महिने आईला भेटणार नाही! म्हातारी खिडकीतून दिसणार, पण भेटणार नाही! आणि मी तरीही, ऐका, मी तरीही आतूनच धरून बसलो. म्हटलं, पाव काय, मी भाजतो! भाजला. मावशीच्या कोंबड्या तो बघून कुंपणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

माइतेनं तो पाव ताटात ठेवला, सुरी ठेवली आणि म्हणाली, "लिअँडर, वॉलेसला विचारलंस?" "विचारलं." "मावशीला?" "विचारलं." "फोनवरच्या बाईला?" "अगं, हो!" "आणि अर्ज कुणाचा आहे?"

मी खिडकीतून धुकं बघायला लागलो.

"मी फ्रेंचमध्ये केव्हाच वाचलंय सगळं," ती म्हणाली. "बाहेरून अर्ज म्हणजे मी बाहेर बसायचं नाही, वेड्या. कागद तिकडच्या वाटेनं जातात. मी इथंच तुझ्या डोक्यावर बसणार, अधूनमधून आईकडेही जाणार. नकार आला तर अपीलही करता येतं. वाट बघत होते, हा माणूस मला कधी विचारतोय!"

मग मात्र मी खरं बोललो. म्हटलं, "आतून म्हणत होतो, कारण मला भीती वाटते. दर शुक्रवारी बोट दिसेनाशी होईपर्यंत मी धक्क्यावर उभा राहतो. तू परत आली नाहीस तर?" ती हसली नाही हो. जवळ आली, माझ्या शर्टावरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "दर रविवारी कोण येतं मग?"

बाहेरून! ठरलं! परदेशवारीच्या रकान्यातली चूक दुरुस्त केली, सगळे शुक्रवार लिहून काढले, तर वेगळा कागद जोडावा लागला. अभ्र्यांचे फोटोही पाठवले, मावशीनं मागं लिहून दिलं की झग्यातला तो लिअँडर, पायांवरून ओळखावा.

आणि मंजुरी आली! तुम्हाला सांगतो, मी त्या दिवशी खेकड्यांनासुद्धा सांगितलं! स्वयंपाकघरात अख्खा गाव, वॉलेसचा अकॉर्डियन, मावशी टेबलावर ताल धरतेय, आणि मदाम ओदिल, माइतेची आई, बोटीनं आलेली, दोन्ही काखांत पाव! मला मिठीत घेतलं, दोन्ही गालांवर मुके घेतले आणि म्हणाली, "जावईबापू, पोरीला इतके दिवस सांभाळलंत. आता हिवाळाभर तुम्ही दोघं माझ्याकडे! छप्पर गळतंय, लाकडं फोडायचीत."

म्हटलं, "येतो की, आई! पाण्यापलीकडेच तर यायचंय!"

"तेवढं सोपं नाही," माइते शांतपणे पाव कापत म्हणाली, "एवढे महिने राहायचं तर तुला फ्रान्सचा परवाना लागेल."

अकॉर्डियन थांबला. वॉलेसनं खुर्ची उलटी केली. मावशीनं चष्मा लावला. आणि सगळा गाव एका सुरात...

"मग काय रे लिअँडर? आतून की बाहेरून?"

या खेपेला मी कुणाचंही ऐकलं नाही. सरळ माइतेकडे बघितलं आणि म्हटलं, "तूच सांग बाई, मी नुसती सही करतो."