पाहुण्यासाठी शेळी

सावरी : दावं सोडा हातातलं, आई. शेळी कापायची नाही.

ओयमोह : बाजूला हो मुकाट्यानं. शेजारचा नाकिब सुरी घेऊन येतोय. पाहुणा घरात बसलाय आणि तू अंगणात तमाशा मांडतेस?

सावरी : पाहुणा? तुमच्या दावलतला मारणाऱ्या टोळीचा म्होरक्या आहे तो मिर्झोअली!

ओयमोह : मला सांगतेस? पोटचा पोर होता तो माझा. तुझा नुसता नवरा होता.

सावरी : मग याला मटण कशाला रांधायचं?

ओयमोह : लढाई संपली, तह झाला. तो आपल्या दस्तरखानावर जेवून उठला की वैर मिटलं. मग जीव वाचवायला नदीपलीकडे गेलेला माझा हलीम घरी येईल. एक लेक मातीत गेला, दुसरा तरी डोळ्यांपुढे असू दे.

सावरी : आणि झेबो? दोन वर्षांची झाली, अजून उभी राहत नाही. दवाखान्यातल्या बाईनं पट्टीनं दंडाचा घेर मोजला, तो लाल खुणेवर गेला; पोर उपासमारीनं खंगलीय म्हणाली. तुम्हीच होतात ना तिथं? या शेळीच्या दुधावर तगलीय पोर.

ओयमोह : दूध मागू कुणाकडून तरी.

सावरी : कुणाकडून? गावातल्या शेळ्या याच्याच माणसांनी हाकून नेल्या.

ओयमोह : हळू बोल, ऐकेल तो!

सावरी : ऐकू दे. मीच जाते सांगायला.

ओयमोह : अगं, पुरुषाच्या बैठकीत कुठं शिरतेस? सावरी!

(सावरी मुलीला कडेवर आणि नान-मीठ हातात घेऊन आत जाते. मागोमाग ओयमोह.)

मिर्झोअली : हे काय, मावशी? सुनेला रीतभात शिकवली नाही?

सावरी : शिकवलीय. म्हणून तर नान आणि मीठ घेऊन आले. हे खा, वैर मिटलं म्हणा आणि उठा. शेळी कापणार नाही.

मिर्झोअली : कोरड्या नानावर बोळवण? मागच्या गावात माझ्यासाठी मेंढी कापली. इथून असा उठलो तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या.

सावरी : घालू दे. आधी लुटून खाल्लंत, आता पाहुणे होऊन खाताय. आमचं किती वेळा खाणार?

मिर्झोअली : तोंड सांभाळ! तहात बंदुका देऊन टाकल्यात, माणसं अजून माझीच आहेत. तुझा दीर याच वाटेनं येणार आहे, लक्षात ठेव.

ओयमोह : रागावू नका, जीभ सैल आहे तिची. नाकिबला सांगते, आत्ता कापतो शेळी.

सावरी : कापू दे. पण आधी हिला मांडीवर घ्या. घ्या ना, घाबरता कशाला? ओझं होणार नाही. आता सांगा, हिच्या तोंडचं काढून तुम्हाला शिजवू?

मिर्झोअली : ही… दोन वर्षांची?

ओयमोह : हो. दावलतला हिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

मिर्झोअली : घे हिला. घे म्हणतो ना! आण ते नान इकडे.

सावरी : मीठ लावून घ्या.

मिर्झोअली : थू! नान आहे का जहर? काय घातलंय यात?

सावरी : कोंडा. आणि गवताचं बी. आम्ही रोज हेच खातो.

मिर्झोअली : झालं. मीठ खाल्लं तुमचं. हलीमला कळवा, वाटेत कुणी अडवणार नाही. हे उरलेलं उचला.

ओयमोह : नाही. तेही संपवा. आमच्या घरात नान टाकत नाहीत.