मधला पुठ्ठा

दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची मुलगी बसली होती.

"बाबा, डॉक्टरांना नीट सांगा हं. दोन घास खाऊन ताट बाजूला सारता म्हणून."

"भूकच नाही तर काय करू? तू विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सांभाळतेस ते मासे बरे, घातलं की खातात."

"कुठलं काय! तपासणीसाठी एखाद्याला वेगळ्या टाकीत ठेवलं, की तो दाण्याकडे ढुंकूनही बघत नाही."

"मग काय, औषध देतेस?"

"छे हो. दोन टाक्यांच्या मधे पुठ्ठा असतो, तेवढा काढते. शेजारचे दिसले की संध्याकाळपर्यंत खायला लागतो."

"नुसते दिसले की?"

"नुसते दिसले की. आमच्या मॅडमना आधी पटतच नव्हतं."

"तुला बरं सुचलं!"

"वीस वर्षं तेच करतेय, बाबा. कुठला मासा कशानं रुसलाय, लांबून कळतं मला."

"हं... माझं ताट खोलीत आणून ठेवलंस की जाताना दार ओढून घेतेस ना तू?"

"मुलं जेवताना किती दंगा घालतात! तुम्हाला त्रास नको म्हणून."

"होऊ दे की गं थोडा."