दांड्यावरची टोपी

माझं ऐका, दुसऱ्याची टोपी उचलून कधी जागेवर ठेवू नका. हसताय काय!

आमच्या सातिवलीच्या वर्कशॉपला डोंगरातल्या त्या जुन्या छोट्या रेल्वेचं काम मिळालं होतं. मी रुळांकडेची केबिन रंगवत होतो आणि माझे भाऊजी, पास्कल, खाली सांध्यात हात घालून गंज खरवडत होते. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. केबिनमधला दांडा ओढला की तिथलं लोखंडी पातं सरकून रुळाला चिकटतं. म्हणून तिथली पद्धत अशी, की खाली उतरणाऱ्याने आपली टोपी दांड्यावर अडकवायची. टोपी आहे तोवर दांड्याला कुणी हात लावत नाही.

मला काय ठाऊक! दांड्यावर मळकी टोपी दिसली, ती उचलून नीट खिळ्याला टांगली.

सांधेवाले काका चहा पिऊन आले. मोकळा दांडा बघून म्हणाले, "झालं वाटतं पास्कलचं," आणि ओढला.

खालून कचकन आवाज आला. माझ्या हातातला ब्रशच गळून पडला. धावत गेलो, तर भाऊजी दहाही बोटं नाचवून दाखवतायत! पात्याच्या फटीत लाकडाचा जाड ठोकळा अडकला होता. मी तिथेच खडीवर बसलो.

"हा ठोकळा काकांनी ठेवायला लावला?" मी कसंबसं विचारलं.

"नाही रे, तुझ्या बहिणीमुळे ठेवला. सकाळी निघताना म्हणाली, दादा बरोबर आहे ना, मग तुझी कुठलीच वस्तू ठेवल्या जागी राहणार नाही."